तपासणीच्या दिवशी उघडणारं कपाट

मास्तर, परवा आपल्या वाचनालयाची तपासणी झाली. ज्या खुर्चीवरची धूळ तुम्ही ग्रंथपाल असताना स्वतःच्या रुमालानं झटकायचात आणि मग बाजूला हात बांधून उभे राहायचात, त्या अध्यक्षांच्या खुर्चीवर आता मी बसतो. हसू नका. कापसाच्या जिनिंगातल्या हमालाचं जे पोरगं तुम्ही उंबऱ्यावर थांबवलंत आणि डोक्यातली रुई झटकायला लावलीत, ते आता वाचनालयाचा अध्यक्ष आहे, आणि लोक म्हणतात, माणूस दिलदार आहे. पंखे दिले, थंड पाण्याचं मशीन दिलं, अभ्यासिकेला खुर्च्या दिल्या. बुलढाण्याहून आलेल्या तपासणीच्या बाईंनी विचारलं, "किशोरवयीन वाचकांना तुम्ही काय देता?" त्यांच्या कागदावर तसा रकानाच असतो. मी मोकळा हसलो. मला ते येतं, धंद्यात शिकलो. म्हणालो, "मॅडम, सारं देतो. शांतता देतो, वायफाय देतो. घरी ज्या पोराले पाठ टेकाले भिंत नाही, त्याले इथं खुर्ची देतो." बाईंनी लिहून घेतलं. यातलं काही खोटंही नाही. सकाळी सातपासून पोरं येऊन बसतात, भरतीच्या परीक्षांची स्वतःची गाईडं उघडून. पुस्तकांचं मात्र बाईंनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पण त्या दुपारी एक गोष्ट झाली, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलायला तयार नाही. ती गोष्ट सांगायची तर मला सुरुवातीपासून यावं लागेल, कारण सुरुवातीची अर्धीच गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, आणि जी ठाऊक होती ती चुकीची होती.

मी आठवीत होतो. वाचनालयाच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'बालविभाग' लिहिलेलं होतं आणि त्या अक्षरांखाली काचेची दोन कपाटं होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. किल्ली तुमच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, घड्याळाच्या साखळीला अडकवलेली; तुम्ही वाकलात की ती बाहेर लोंबायची आणि तुम्ही ती तळहातानं आत ढकलायचात. पोरं पुस्तकं फाडतात, असं तुमचं मत होतं. वार्षिक सभेत तुम्ही उभं राहून अभिमानानं सांगायचात की बालविभागातलं एकही पुस्तक आजवर फाटलेलं नाही, आणि सभेतली मोठी माणसं टाळ्या वाजवायची. मी खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभा असायचो. मला तेव्हाही वाटायचं, न उघडलेलं पुस्तक फाटणार कसं? पण टाळ्या वाजत होत्या.

सभासद व्हायला फॉर्म लागायचा आणि फॉर्मवर पालकाची सही तुमच्या समोर व्हायला पाहिजे, असा तुमचा नियम. माझ्या बाबानं त्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. जिनिंगातून तसाच आला. पायजम्यावर, भुवयांवर, कानाच्या केसांवर सगळीकडे रुई. मी त्याला दोन महिने रोज संध्याकाळी सही शिकवत होतो. पाटीवर आधी, मग वहीच्या मागच्या पानावर. त्यानं तुमच्या टेबलाशी उभं राहून, ओठ दाताखाली धरून सही केली. पाच अक्षरं होती, त्याला बराच वेळ लागला. तुम्ही तेवढा वेळ पेन परत घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला नाहीत. मग फॉर्म उजेडाकडे धरलात.

"सही नवीन दिसते. कोनं शिकवली?"

"पोरानं शिकवली जी," बाबा म्हणाला. त्याच्या आवाजात मोठेपणा होता. मला अजून ऐकू येतो.

"मंग पोरगा तर घरीच मास्तरकी करून राह्यला, इथं काहाले आनला त्याले? आमालेच पाठवा तुमच्या घरी शिकाले!"

पेपर वाचत बसलेली माणसं हसली. चौघं होती. मी मान खाली घालून उभा होतो, पण कोण कसं हसलं ते मला कळत होतं. एक नाकातून, एक पोटातून, एकानं पेपर तोंडावर धरून, चौथ्यानं उशिरा, बाकीच्यांचं ऐकून. आणि मग पाचवं हसणं आलं. ते बाबाचं होतं. तोही हसला, मास्तर. तुमच्याकडे बघत, मान हलवत, जणू ही गंमत दुसऱ्याच कोणाची होती. फॉर्म तुम्ही खणात टाकलात. "बैठकीत ठेवतो," म्हणालात. ती बैठक कधी झालीच नाही. घरी जाताना बाबा म्हणाला, "मानूस गमतीदार हाये." त्यानंतर त्यानं सही कुठेच केली नाही. मरेपर्यंत अंगठाच दिला.

त्या वर्षी पहिल्यांदा मला तुमच्या तपासणीची रीत कळली. बुलढाण्याहून जीप यायची असली की आदल्या दिवशी तुम्ही सायकलवर शाळेत यायचात. हेडमास्तरांकडे पंधरा पोरं मागायचात. "स्वच्छ कपड्याची द्या, आन् गप बसनारी." एक पोरगं तापानं पडलं म्हणून माझी वर्णी लागली. वाचनालयात फिनाईलचा वास, जमिनीवर सतरंजी, आणि आश्चर्य म्हणजे कपाटं उघडी. तुम्ही एकेकाच्या हातात पुस्तक दिलंत आणि पुढे-मागे फिरत सूचना दिल्यात. पान अधूनमधून पलटायचं. मान वर करायची नाही. कोणी विचारलं तर 'रोज येतो' म्हणायचं. "आन् थुंकी लावून पान पलटवलं तं पाह्यजा बरं, लेकहो, बोट कापून ठेवीन."

माझ्या हातात हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. दोन भाऊ हरवलेल्या बापाला शोधायला होडीतून निघतात. मी होडी पाहिलेली नव्हती. पाणी पाहिलं होतं ते शाळेच्या सहलीत लोणारचं, तिथं कोण होडी घालतो? पण पाच-दहा पानांत मला वल्ह्याचा आवाज यायला लागला. माझे कान आधीपासून तसेच आहेत. जीप कधी आली, साहेब कधी चहा पिऊन गेले, मला ठाऊक नाही. चौतिसाव्या पानावर दोघा भावांना बेटावर धूर दिसतो, आणि तेवढ्यात तुम्ही टाळी वाजवलीत. "चला, झालं! ठेवा." माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलंत. मी धरून ठेवलं नव्हतं, तरी तुम्ही ओढलंत. कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "मास्तर, उद्या येऊ का?"

"उद्या काऊन बे? उद्या कोन येऊन राह्यलं?"

पोरं हसली. एक-एक पेढा देऊन तुम्ही आम्हाला रांगेनं बाहेर काढलंत. पण पुस्तक तुमच्या हातात जायच्या आधी मी एक काम केलं होतं. शर्टाच्या बाहीला चिकटलेली रुईची पुंजकी काढून चौतिसाव्या पानात ठेवली होती.

पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधीपासून शर्ट जपला. हेडमास्तरांच्या डोळ्यासमोर राहिलो, फळा पुसला, घागर भरली. निवड झाली. तुमच्या हातून हिरवं पुस्तक पुन्हा मलाच मिळालं. मला वाटलं, नशीब. उघडलं तर रुई जागेवर. वर्षभरात त्या पुस्तकाला माणसाचा हात लागला नव्हता. त्या दिवशी मी एकाहत्तराव्या पानापर्यंत पोचलो. धाकटा भाऊ तापानं फणफणलाय आणि थोरला त्याला एकटा सोडून डोंगर चढावा की नाही या विचारात आहे. टाळी. रुई एकाहत्तराव्या पानात. मधल्या काळात जिनिंगाच्या मागच्या चाळीत मी पोरांना ती गोष्ट सांगत असे आणि पुढचं मनानं रचत असे. आज गिऱ्हाइकाला गुंतवून ठेवायची जी कला लोक माझ्यात बघतात ती तिथली आहे. हे श्रेय तुम्हाला द्यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी दहावीत होतो, आणि हिरवं पुस्तक पुन्हा माझ्याच हातात आलं. साहेब नवीन होते, चहा नको म्हणणारे. सतरंजीवर आमच्यात येऊन मांडी घालून बसले आणि नेमकं मलाच विचारलं, "काय वाचतोस? कुठवर आलं?"

मी म्हणालो, "साहेब, पयल्या तपासनीले चौतीस पानं झाले होते, दुसऱ्या तपासनीले एकाहत्तर. औंदा पुरं होईन वाटते."

तुम्ही तेव्हा दाराशी होतात. किल्ली बाहेर लोंबत होती आणि तुम्ही ती आत ढकलली नाहीत. साहेबांनी पुस्तक घेतलं, मागचं पान उघडलं. तिथं चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी करकरीत. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. मग देवघेवीचं रजिस्टर मागवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. त्यात माझं नाव होतं, मास्तर! ज्याचा फॉर्म दोन वर्षं तुमच्या खणात पडला होता त्याच्या नावावर तुम्ही त्या वर्षात बारा पुस्तकं चढवली होती. "हा मुलगा कोण?" साहेबांनी विचारलं. मी हात वर केला. एकेक पुस्तकाचं नाव घेऊन ते विचारत गेले, हे वाचलंस? हे? मी दर वेळी मान हलवून 'नाही जी' म्हणत गेलो. बारा वेळा. तुम्ही मागे सरकत भिंतीला टेकलात. मी तुमच्याकडे बघत नव्हतो, पण तुमचा श्वास ऐकत होतो. नाकात शिट्टी वाजत होती.

वाचनालयाचा दर्जा ब वरून ड वर आला. अनुदान आटलं, आणि तुमची नोकरी अनुदानावर होती. समितीनं तुम्हाला काढलं नाही, अर्धवेळ केलं. मला वाटतं काढलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही दुपारी वाचनालय उघडायचात आणि सकाळी बाजार समितीच्या दाराशी बसून अनोळखी माणसांचे अर्ज लिहायचात. गावात मात्र माझी गोष्ट प्रेमानं सांगितली जायची. पोरगं भोळं, खरं बोलून गेलं बिचारं. जिनिंगात बाबाच्या कानावर ती गेली तेव्हा त्यानं जेवताना विचारलं, "मुद्दाम बोलला का बे?" मी म्हणालो, "नाही बाबा." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "त्याच्या घरी बी लेकरं हायेत," एवढंच म्हणाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. मी जिनिंगात मशीनवर लागलो. मशीन बंद न करता, नुसतं ऐकून मी सांगायचो की कोणता रोलर झिजलाय, कोणतं बेअरिंग जातंय. त्या कानावर वर्कशॉप उभं राहिलं. आजही खामगावहून, नांदुऱ्याहून फोन येतात आणि मी म्हणतो, फोन मशीनजवळ धरा, बोलू नका. त्या तपासणीनंतर चौदा वर्षांनी एके दिवशी तुम्ही वर्कशॉपच्या दारात उभे. साठी उलटलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. दारातून तुम्ही मला 'तू' म्हणालात, आत येऊन काचेची केबिन बघितलीत आणि 'तुम्ही'वर आलात.

"लिहाचं-वाचाचं काही काम असन तं पाहा. अक्षर अजून चांगलं हाये माह्यं."

मला खरंच एका लिहिणाऱ्या माणसाची गरज होती. बिलं, पत्रं, सगळं माझ्याच हातानं चाललं होतं. मी हसलो, तेच मोकळं हसू, आणि म्हणालो, "अर्ज देऊन ठेवा, मास्तर. बैठकीत ठेवतो."

लेथवरचा कारागीर ओरडला, "कोनती बैठक भाऊ? तुमी एकटेच त हा!" सहा माणसं हसली. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं, मालकानं विनोद केला म्हणून हसली. मी डोळे न उचलता मोजत होतो, आणि सातवं हसणं आलं. तुमचं. मान हलवत, गंमत दुसऱ्याचीच असल्यासारखं. मला ते हसणं लगेच ओळखू आलं. ते माझ्या घरचं होतं.

मग तुम्ही जे बोललात ते बोलला नसतात तर आज हे लिहायची वेळ आली नसती. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "त्या दिवसाचं मनावर नोका घेऊ. लहान होते तुमी. भोळेपनात बोलून गेले, तुमचा काय दोष? आन् त्या हिरव्या पुस्तकात तुमची रुई राहे. म्या पाह्यली होती. झटकली नाही. पुढच्या दोन्ही साली बराबर तुमालेच देल्लं ते पुस्तक." एवढं बोलून तुम्ही गेलात. मी थांबवलं नाही. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तुम्ही वारलात. अंत्ययात्रेत मी पुढे होतो, खांदा दिला. लोक म्हणाले, मन बघा केवढं.

आता ऐका. मी भोळेपणानं बोललो नव्हतो. ते वाक्य मी आठ दिवस घोटलं होतं. जिनिंगाच्या मागे, सरकीच्या ढिगाआड उभं राहून, मोठ्यानं म्हणून बघायचो. 'औंदा पुरं होईन वाटते' हे शेवटी टाकायचं, कारण त्यानं तोंड बावळट दिसतं, हेही मी तिथंच ठरवलं. आवाज केवढा ठेवायचा, थांबायचं कुठं, सगळं. साहेबांनी मला विचारावं म्हणून मी त्यांच्या वाटेत पाय पसरून बसलो होतो. तुम्ही मला ज्या गोष्टीबद्दल माफ केलंत ती मी केलेलीच नव्हती. जी केली होती तिच्याबद्दल तुम्ही माफ केलं असतंत की नाही हे विचारायची सोय मी ठेवली नाही. आणि खरं सांगू? त्या दिवशी तुमच्या नाकातली शिट्टी ऐकताना मला जेवढा आनंद झाला तेवढा वर्कशॉपच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

तर परवाची गोष्ट. आमच्या नव्या ग्रंथपाल, तरुण मुलगी आहे, कॉम्प्युटर उत्तम येतो, त्यांनी शाळेला फोन केला आणि वीस पोरं-पोरी आणल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अशा गोष्टी वाचनालयात आपोआप चालत राहतात. बालविभागाचं कपाट तेच आहे, फक्त आता अभ्यासिकेच्या खुर्च्यांमागे गेलंय. किल्ली माझ्याकडे असते. पोरं पुस्तकं नेतात, आणत नाहीत, तपासणीला उत्तर कोण देणार? मी कुलूप उघडून दिलं. बाई आल्या, रकाना भरला, फोटो काढले, गेल्या. पुस्तकं गोळा करायला लागलो तशी एक नववीतली पोरगी उठलीच नाही. मी जवळ गेलो. तिनं मान वर केली, पानावर बोट तसंच ठेवून.

"काका, उद्या येऊ का?"

आणि मी म्हणालो, "उद्या काऊन, बेटा? उद्या कोन येऊन राह्यलं?"

सगळी हसली. अध्यक्षसाहेब गमतीदार आहेत, हे गावात सर्वांना माहीत आहे. मी ऐकत होतो. पोरं हसली, ग्रंथपालबाई हसल्या, दाराशी उभे शाळेचे सर हसले, आणि सगळ्यांच्या शेवटी ती पोरगीही हसली. मान हलवत. मास्तर, ते हसणं मी आयुष्यात तिसऱ्यांदा ऐकलं.

तिला तेव्हाच थांबवून पुस्तक हातात देता आलं असतं. किल्ली माझ्याच खिशात होती, कोणाला विचारायचं नव्हतं. मी तिला पेढा दिला.

सगळे गेल्यावर मी कपाट पुन्हा उघडलं. तिचं पुस्तक वरच ठेवलेलं होतं. त्यातून केसांची काळी पीन डोकावत होती. पुस्तकातल्या खुणेनं काय होतं हे या गावात माझ्याइतकं कोणाला माहीत? पुढच्या वर्षी याच बाई येणार, हुशार आहेत, सतरंजीवर बसतील, एखादं पुस्तक सहज उघडतील. आणि ती पोरगी वर्षभर कुठेतरी, कसल्यातरी ढिगाआड, वाक्य घोटत असेल. यंदा दर्जा अ मिळतोय, असं आतून कळलंय. मी पीन ओढून काढली आणि कुलूप लावलं.

तुम्ही माझी रुई दोन वर्षं राहू दिली होतीत. पीन आत्ता, हे लिहिताना, किल्लीबरोबर माझ्या वरच्या खिशात आहे. वाकलो की टोचते. सकाळपासून दोनदा वाटलं, जावं आणि होती तिथं लावून यावी. पण ती काढताना पान कितवं होतं, ते मी बघितलंच नाही.